मेंदूचा रक्तपुरवठा

मुलांनो, ज्या आजाराला आपण घरी फालिज किंवा लकवा म्हणतो, त्याला मराठीत पक्षाघात म्हणतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटली, की हा आजार होतो. तोंड एका बाजूला वाकडे होते, एक हात लुळा पडतो, बोलणे अडखळते.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. हा प्राणवायू रक्तातूनच येतो. म्हणून रुग्ण रुग्णालयात येताच त्याच्या रक्ताभिसरणावर पहारा सुरू होतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू पाहतात. छातीला तारा लावून हृदयाचे ठोके तपासतात. सी. टी. स्कॅनवरून मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, ते कळते.

अशा वेळी रक्तदाब बहुधा वाढलेला असतो. तरीही गुठळी असेल, तर डॉक्टर तो घाईने उतरवत नाहीत. असे का? मोठा पाट अडला, तर पाणी शेजारच्या लहान चाऱ्यांतून पुढे जाते. पण पाण्याला जोर असेल तरच. मेंदूतही तसेच होते. दाब एकदम उतरला, तर आजूबाजूने पोहोचणारे रक्तही कमी होते.

मात्र गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे असेल, तर दाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. औषध दिल्यावर पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब मोजतात.

हे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून घरात कोणाला असा त्रास झाला, तर आधी घड्याळ पाहा. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवा. लगेच १०८ क्रमांकावर फोन करा. घरातील रक्तदाबाची गोळी देऊ नका. पाणीही पाजू नका. तुम्ही लिहिलेली ती वेळ डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल.

शब्दार्थ : रक्ताभिसरण – शरीरात रक्त फिरणे, चारी – पाण्याचा लहान पाट.

प्रश्न : गुठळी असताना डॉक्टर रक्तदाब घाईने का उतरवत नाहीत?