पकवर डोळा ठेवू नका

चाळिशीत आइस हॉकी शिकायला गेलेल्या माणसाला बहुधा डिफेन्सलाच उभं करतात. समज असा की पळायचं फॉरवर्डने, मागे काय, नुसतं उभं राहायचं! टोरंटोजवळच्या आमच्या प्रौढांच्या लीगमध्ये माझी वर्णी अशीच लागली. खरं तर उत्तम स्केटिंग लागतं ते इथेच. समोरचा सरळ, पूर्ण वेगात येतो आणि आपण उलटे जात त्याला अडवायचं. तेव्हा महागडी स्टिक नंतर घ्या. उलटं स्केटिंग आणि दोन्ही बाजूंना वळणं आधी घोटून घ्या. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते आणि प्रतिस्पर्ध्याला ती लवकरच कळते.

नवखा डिफेन्डर एक तर घाबरून गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, अंगावर जाईपर्यंत मागे हटतो, नाहीतर पकवर, म्हणजे रबरी चकतीवर, झडप घालतो. दोन्हींचा शेवट गोलमध्येच. अंतर राखणं ही खरी विद्या. मधल्या लाल रेषेपाशी दोन स्टिकइतकं, आपल्या ब्लू लाइनपाशी एका स्टिकइतकं. नजर पकवर नको, समोरच्याच्या छातीवर ठेवा. कबड्डी खेळलेल्यांना हे पटकन उमगतं: चढाईपटूचे हात फसवतात, धड फसवत नाही. स्टिक एका हातात, पातं बर्फावर टेकलेलं, कोपर किंचित वाकलेलं. पक आवाक्यात आला तरच टोचा. लांब झेपावलात की तो बाजूने निघून गेलाच म्हणा.

समोरच्याला रिंकच्या कडेच्या बोर्डांकडे ढकलत न्या. गोल 6 फूट रुंद असला तरी कडेच्या कोनातून फार थोडा दिसतो. स्वीडनच्या निकलस लिडस्ट्रॉमने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी 7 वेळा जिंकली, ती धडका मारून नव्हे, अशाच कोनांच्या आणि स्टिकच्या जोरावर.

दोघे जण तुमच्या एकट्यावर चालून आले तर पास तुम्ही तोडा, शॉट गोलीवर सोडा. गोलीशी हे सामन्याआधीच ठरवून घ्या. नंतर बोलताना आवाज चढतात.

सर्वांत जपायचं ते बोर्डांपाशी. आमच्याकडे अंगावर धडक मारायला बंदी, म्हणून सगळे निर्धास्त. एकदा पक कोपऱ्यात गेला आणि माझा जोडीदार मान खाली घालून सरळ त्याच्यामागे गेला. मागून येणाऱ्याला थांबता आलं नाही. मुद्दाम कुणीच काही केलं नव्हतं, पण जोडीदाराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून नव्यांना मी हे आधी सांगतो: पकपाशी पोचण्यापूर्वी खांद्यावरून मागे बघा. तिरके जा. बोर्डांना अगदी चिकटून राहा किंवा चांगले लांब. मधला तीन-चार फुटांचा पट्टा वाईट. ऐनवेळी पाठ फिरवू नका. आदळणारच असाल तर डोकं वर ठेवा, कारण मान वाकलेली असताना बसलेला मार थेट मणक्यात जातो. कॅनडात कित्येक मुलांच्या जर्सीवर पाठीमागे लाल ‘स्टॉप’ची खूण शिवलेली असते, ती उगीच नाही.

आणि पक मिळाला की आपल्याच गोलसमोरून आडवा पास कधीही देऊ नका. मार्ग दिसत नसेल तर बोर्डाला लावून पुढे टोलवा. मधोमध पासची वाट बघत उभा असलेला तुमचा फॉरवर्ड चिडेल. चिडू द्या.