जयपूर फूट : शोध आणि सेवा

कृत्रिम पाय म्हटला की बहुतेकांच्या तोंडी 'जयपूर फूट' हेच नाव येते. परंतु तो कोणी घडवला, कशाचा बनतो आणि गरिबाच्या घरापर्यंत कसा पोहोचला, याची माहिती फार थोड्यांना असते. समाजकार्याची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

१९६० च्या दशकात आपल्या देशात मिळणारे कृत्रिम पाय पाश्चात्त्य धर्तीचे असत. घोटा ताठ, आणि वर बूट घातलाच पाहिजे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तो चालून जाई. पण आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो; विहारात वा देवळात पादत्राणे दाराबाहेर काढतो. त्याला तो पाय काय कामाचा? काही दिवसांत पाय कोपऱ्यात पडे आणि माणूस पुन्हा कुबड्या घेई. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना हेच वारंवार दिसत होते.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. शालेय शिक्षण अगदी थोडे, पण हातात विलक्षण कसब. सर्वजण त्यांना 'मास्टरजी' म्हणत. असे सांगतात की, सायकल पंक्चर झाली म्हणून ते एका दुकानात थांबले असता तेथे ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम चालले होते. ते पाहून त्यांना रबरी पावलाची कल्पना सुचली. १९६८ च्या सुमारास सेठी आणि मास्टरजी यांच्या प्रयत्नांतून हे पाऊल सिद्ध झाले. टाचेला व चवड्याला स्पंजासारखे मऊ रबर, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, त्यावर टायरमध्ये असतो तसा दोऱ्यांचा थर आणि त्वचेच्या रंगाचे रबर; हे सर्व साच्यात घालून तापवले की एकजीव होते. पाऊल सर्व बाजूंना थोडे वळते, पाण्याने बिघडत नाही, आणि त्याला बोटेही असतात! वरची नळी पूर्वी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करीत, पुढे प्लॅस्टिकच्या पाइपापासून होऊ लागली. या पावलाचे पेटंट घेतले गेले नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडा गौरव आला, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता खरा मुद्दा. एवढा उपयुक्त शोध लागूनही पहिल्या सहा-सात वर्षांत त्याचा लाभ अगदी मोजक्या लोकांना झाला. रुग्णालयात येणारा गरीब मनुष्य राहणार कोठे, खाणार काय, भाडे कोठून आणणार? देवेंद्र राज मेहता या सनदी अधिकाऱ्याला १९६९ साली मोटार अपघात झाला होता. त्यांचा पाय जाता जाता वाचला. त्यांनी १९७५ साली जयपूर येथे 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन केली. तेथे येणाऱ्याची जात, धर्म वा उत्पन्न विचारले जात नाही. पाय मोफत, रुग्णाची व सोबत्याची राहण्या-जेवणाची सोय मोफत, आणि माप घेऊन पाय बसवण्याचे काम होता होईल तो लवकर उरकण्याची पद्धत. या व्यवस्थेमुळे पाय लाखो लोकांपर्यंत गेला. अफगाणिस्तान, कंबोडिया यांसारख्या देशांत भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांनाही त्याचा आधार झाला. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातात उजवा पाय गमावूनही याच पायाच्या बळावर १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

मदत करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाय गुडघ्याखाली कापला असेल तर चालणे पुष्कळ सोपे जाते. गुडघ्यावर कापला असेल तर सराव जास्त लागतो. जखम पूर्ण भरल्यावरच माप देता येते. तोपर्यंत गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये. गुडघा आखडला तर पाय नीट बसत नाही. घरची माणसे प्रेमापोटी नेमकी उशीच देतात. उरलेल्या भागाला सांगितल्याप्रमाणे पट्टी बांधावी. पहिल्या काही महिन्यांत तो भाग बारीक होतो, खोबणी सैल पडते, कातडी सोलवटते, आणि तेथेच पुष्कळजण पाय सोडून देतात. मधुमेह असलेल्यांनी तर ती जागा रोज तपासावी, कारण त्यांना जखम झाल्याचे कळतही नाही.

म्हणून शिबिर घेणाऱ्या मंडळांनी केवळ वाटपाच्या दिवसाचा विचार करू नये. फोटो त्या दिवशी निघतात, पण अडचणी तीन-चार महिन्यांनी येतात. प्रत्येकाचा पत्ता, फोन व पाय बसवल्याची तारीख वहीत असावी, आणि दुरुस्तीसाठी जवळचे केंद्र कोणते हे त्याला लिहून द्यावे. लहान मुलांचे हाड वाढते तसा पाय आखूड पडतो. त्यांच्या नावापुढे पुढच्या मापाचा महिनाही त्याच दिवशी टिपून ठेवावा.