टिनाच्या भिंतीला अस्तर : पैसे देण्याआधी तीन दिवस मोजा

एप्रिल लागला की नागपूरच्या वस्त्यांमधून थर्माकोलच्या शीट, फोमचे रोल आणि चकचकीत फॉइल विकणारे फिरू लागतात. ‘भिंतीला आतून लावा, खोली थंडगार होईल,’ असे सांगतात. वस्तीतल्या बाया मला विचारतात, ‘ताई, हे लावू का?’ माझे उत्तर ठरलेले आहे : आधी मोजू, मग लावू. बाळाला ताप किती आहे हे आपण नुसता कपाळाला हात लावून ठरवत नाही, थर्मामीटर लावतो. घराचेही तसेच करायचे.

टिनाचे घर अंगाला का बाधते?

लोखंडी टिन अगदी पातळ असते. बाहेरून ऊन पडले की थोड्याच वेळात आतली बाजूही तापते. मग त्रास दोन वाटांनी होतो. एक, खोलीतली हवा तापते. दुसरे, तापलेले टिन चुलीसारखी धग फेकते. म्हणूनच भिंतीला लागून खाट असलेल्या आजीला जास्त त्रास होतो, खोलीच्या मध्ये बसलेल्याला थोडा कमी.

आपल्या कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. आजूबाजूची हवा आणि भिंती त्याहून गरम झाल्या की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घाम हा एकच मार्ग उरतो. तान्ही बाळे, म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या घेणारे यांचे शरीर इथेच आधी थकते. रात्रीही खोली गार झाली नाही, तर दिवसाचा शीण भरून निघत नाही.

अस्तर काय करते, काय करत नाही

थर्माकोल, फोम यांच्या आत बारीक कप्प्यांमध्ये हवा कोंडलेली असते. कोंडलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. एक इंच थर्माकोल उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढी नऊ इंची विटांची भिंतही अडवत नाही; थर्माकोलचा अडसर दुपटीहून जास्त असतो. पण वीट जड असते. ती दिवसा उष्णता पिऊन ठेवते आणि उशिरा सोडते. हलके अस्तर काही साठवत नाही, फक्त अडवते. आणि ते दोन्हीकडून अडवते! स्वयंपाकाची आणि माणसांची उष्णताही आत कोंडून ठेवते.

प्रयोगशाळेत अशा मालाचा तुकडा एका गरम आणि एका थंड पाटीच्या मध्ये ठेवून, त्यातून किती उष्णता जाते हे मोजतात. माहितीपत्रकावरचा आकडा असा कोरड्या, नव्या आणि नीट बसवलेल्या तुकड्याचा असतो. आपल्या भिंतीवर फटी असतात, पावसाळ्यात ओल येते. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने जाते, त्यामुळे भिजलेले गोणपाट किंवा चिंध्यांचे अस्तर जवळपास निकामी होते. फॉइलचेही तसेच. तिच्यासमोर बोटभर मोकळी हवा असेल तरच ती धग अडवते. टिनाला चिकटवली तर नाही.

घरची चाचणी

लागणारे सामान : वायरीच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, टेप, वही. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. तो ४२-४३ अंशांच्या पुढे दाखवतच नाही.

१. दोन्ही थर्मामीटर सावलीत अर्धा तास शेजारी ठेवा. आकड्यांत फरक असेल तर लिहून ठेवा आणि पुढे तेवढा वजा करा.

२. पश्चिमेची, दुपारनंतर ऊन खाणारी भिंत निवडा. तिच्या आतल्या बाजूला तीन फूट बाय तीन फूट तुकडा लावा. शेजारी तेवढीच जागा उघडी ठेवा.

३. एक सेन्सर तुकड्याच्या मधोमध, दुसरा उघड्या टिनावर त्याच उंचीला, एकाच जातीच्या टेपने चिकटवा. कुलरचा वारा त्यांच्यावर नको.

४. दुपारी १२, ३, ५, रात्री ९ आणि पहाटे ५ ला दोन्ही आकडे लिहा. प्रत्येक वेळी खोलीच्या हवेचे तापमानही लिहा. असे तीन दिवस.

आकडे कसे वाचायचे?

समजा दुपारी ५ वाजता हवा ४० अंश, उघडे टिन ५२ आणि अस्तर ४२ आले. अस्तराचा आकडा हवेच्या जवळ आला, म्हणजे माल काम करतो. पण अस्तर ४९ आले तर फरक फक्त तीन अंशांचा. त्यासाठी पैसे घालू नका.

पूर्ण खोलीला अस्तर लावल्यावर ‘मागच्या आठवड्यापेक्षा बरे वाटते’ यावर जाऊ नका. कदाचित आभाळ आले असेल. शेजारचे तसेच, बिनअस्तराचे घर घ्या आणि दोन्ही खोल्यांत एकाच दिवशी, एकाच वेळी मोजा. पहाटे तुमची खोली शेजारच्यापेक्षा गरम निघाली, तर अस्तर उष्णता कोंडत आहे. रात्री खिडकी, झरोका उघडा ठेवायची सोय आधी करा.

पैसा कुठे आधी?

मे महिन्यात नागपूरला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून पहिला पैसा छताला, दुसरा पश्चिमेच्या भिंतीला. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊन फारसे पडतच नाही. छताला बाहेरून पांढरा चुना मारणे सगळ्यांत स्वस्त. त्याचाही परिणाम याच पद्धतीने मोजता येतो.

हे विसरू नका

थर्माकोल आणि फोम पेट घेतात, वितळून पेटते थेंब पडतात, काळा विषारी धूर होतो. गॅस-चुलीची भिंत, दिव्याची जागा आणि उघड्या वायरी यांच्याजवळ ते कधीच नको. बाकी ठिकाणीही वरून सिमेंट शीट लावूनच वापरा.

अस्तर कितीही चांगले असले तरी ऊन लागू शकते. अंग तापलेले, बोलणे बरळल्यासारखे, शुद्ध हरपत असेल तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दोन थर्मामीटर एका घराने घ्यायची गरज नाही. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून घ्यावेत, आठवीतल्या पोरीच्या हाती वही द्यावी. विकणारा आला की तीच वही त्याच्यासमोर उघडा.