नेत्रावतीचा मासा आणि मिठाचा प्रश्न

प्रश्न : घरच्या काचपेटीत ‘एट्रोप्लस कॅनरेन्सिस’ पाळावयाचा आहे. पाण्यात मीठ किती घालावे?

उत्तर : मुळीच घालू नये. फ्रान्सिस डे यांनी 1877 साली ज्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तो हा दक्षिण कर्नाटकातील नेत्रावती-कुमारधारेच्या प्रवाहांतला रहिवासी निखालस गोड्या पाण्याचा आहे. गोव्याच्या खाड्यांतून मिळणारा कालुंदर त्याचा निकटचा भाऊबंद असला, तरी त्या निमखाऱ्या पाण्यातल्या जातीचा कायदा या नदीवासीयास लागू करणे हा उघड अन्याय होय. चार फुटांहून आखूड पेटीत, एकट्यादुकट्याने ठेविल्यास हा मासा भित्रा तरी होतो किंवा कलहप्रिय तरी. म्हणून सहा-आठांचा कळप, दगडांचा व मुळांचा आडोसा, 25 ते 28 अंश उष्णतेचे खेळते पाणी आणि, साचणारे नायट्रेट त्यास सोसत नसल्यामुळे, दर आठवड्यास सुमारे तृतीयांश पाणी बदलण्याची शिस्त, एवढी तजवीज मासे आणण्यापूर्वीच करावी. आहारात वनस्पतिजन्य भागही असावा. जाती संकटग्रस्त असल्याने नदीतून धरलेले नव्हे, तर पैदास केलेलेच मासे घ्यावेत. विक्रेता याबाबत उडवाउडवीची उत्तरे देऊ लागल्यास व्यवहार खुशाल तहकूब ठेवावा.