आम्हाला कळतं, नीट बोला

टीव्हीवरची मराठी घसरली, असं आमच्या नांदेड-लातूरकडे घरोघरी म्हणतात. मीही म्हणते. पण नेमकं काय घसरलं याचा विचार करत गेले, तेव्हा हाती लागलं ते असं.

१. सोपं बोलणं वेगळं आणि सुमार बोलणं वेगळं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. आमच्याकडे टीव्ही पोचायला पुढं बरीच वर्षं गेली. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण प्रदीप भिड्यांनी वाचलेल्या सातच्या बातम्या ती नंतर शेजारणीला जशाच्या तशा सांगायची. वाक्यं आटोपशीर, उच्चार स्वच्छ, थांबायचं तिथं थांबणं. ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतीच्या कार्यक्रमात तुडतुडे, बोंडअळी, बीजप्रक्रिया हे शब्द सहज येत. कुणी ते पातळ करून सांगत नव्हतं आणि कुणाचं अडतही नव्हतं.

२. प्रेक्षकाला फार काही कळत नाही, हे कुणीतरी परस्पर ठरवून टाकलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असलेली बाई शेजारणीला सांगत होती, “धनेगावात मृतसाठा बी राहिला नाही म्हणं, नुसता गाळ हाय. ही रेल्वे किती दिस पुरंल?” तिच्यासमोर माईक आला आणि प्रश्न आला, “तुम्हाला कसं वाटतंय?” जिला धरणाचा हिशेब तोंडपाठ होता, तिच्याकडून फक्त डोळ्यातलं पाणी हवं होतं. त्या दिवसापासून मला वाटतं, भाषेच्या आधी समोरच्याबद्दलचा आदर घसरतो.

३. परक्या शब्दांनी मराठी बिघडत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा-कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. हे सगळं आमच्या मराठीनं पचवलं, कारण वाक्य मराठीच राहिलं. आता शब्द मराठी आणि घडण हिंदीची असते. ‘मला मदत करा’चं ‘माझी मदत करा’ होतं आणि घरातली लेकरंही तसंच बोलू लागतात. मला काळजी आहे ती याची.

४. बोलीला फक्त हसण्यासाठी बोलावलं जातं. ‘काय करायलास?’, ‘कामून?’ असं बोलणारं पात्र मालिकेत आलं, की ते बहुधा भोळं किंवा अडाणी असतं. याच बोलीत आमच्याकडे वाटण्या मिटतात, सोयरिकी जुळतात, कापसाचे भाव ठरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत धरणी हादरली, तेव्हा ढिगाऱ्याजवळ बसलेल्या माणसांनी आपलं दुःख एकमेकांना याच बोलीत सांगितलं. असं बोलणारी डॉक्टरीण किंवा न्यायाधीश मला एकदा तरी पडद्यावर पाहायचीय.

५. दोष बातमीदार पोरांचा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणची कितीतरी मुलं बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर राबतात. चित्रण त्यांचंच, आवाज त्यांचाच, आणि मोबाइलवरून पाठवायचंही त्यांनीच. नांदेडच्या एका मुलानं मला चहा पिता पिता पीकविम्यातला घोळ इतका नेटका उलगडून सांगितला, की मी ऐकतच राहिले. कॅमेरा सुरू झाला आणि तोच मुलगा म्हणू लागला, “तर या ठिकाणी आपण पाहू शकता की, मोठ्या प्रमाणामध्ये...” चांगली मराठी त्याच्यापाशी होती. ती वापरायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

६. अवघड विषय लोकांपर्यंत नेता येतो, याचा पुरावा आमच्याच गावात होता. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर मनुस्मृतीवर बोलत, नाट्यशास्त्रावर बोलत, राजकारणावर बोलत, आणि ऐकायला गर्दी होई. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला त्यांनी देह ठेवला, तोही व्यासपीठावरच. आजही गावोगावच्या सप्ताहात माणसं रात्री उशिरापर्यंत ज्ञानेश्वरीवरचं निरूपण ऐकत बसतात. याच माणसांना संध्याकाळच्या चर्चेत आरडाओरडा सोडून काही झेपणार नाही, हे मला पटत नाही.

७. मान मिळाला म्हणून भाषा आपोआप सांभाळली जात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. वाहिन्यांकडून मात्र माझं मागणं साधं आहे. पडद्यावर जाणारी प्रत्येक पट्टी आधी मराठी जाणणाऱ्या माणसानं वाचावी, त्या कामाचा त्याला रीतसर पगार मिळावा, आणि बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्याला आपल्याइतकंच शहाणं समजावं.