'डेव्हऑप्स'चा प्रशिक्षणवर्ग निवडताना

घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने संगणक क्षेत्रात जावे, असे आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांना वाटते. या क्षेत्रात 'डेव्हऑप्स' या कामाचे नाव वरचेवर ऐकू येते आणि ते शिकविणाऱ्या वर्गांच्या जाहिरातीही पुष्कळ असतात. घामाची कमाई फीमध्ये घालण्यापूर्वी वर्ग कसा पारखावा, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम काम समजून घेऊ. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे आणि तो सर्व्हरवर चालता ठेवणारे वेगळे, अशी विभागणी कंपन्यांत असे. बिघाड झाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत. २००९ साली बेल्जियममधील घेंट शहरात पॅट्रिक डेब्वा यांनी भरविलेल्या परिषदेपासून 'डेव्हऑप्स' हे नाव रूढ झाले. प्रोग्रॅम तपासणे, सर्व्हरवर चढविणे व त्यावर नजर ठेवणे ही कामे दोघांनी मिळून, शक्य तितकी स्वयंचलित पद्धतीने करावीत, हा त्याचा गाभा. म्हणूनच अगदी नवशिक्याला हे काम सहसा थेट मिळत नाही. त्याने आधी तांत्रिक साहाय्य किंवा सर्व्हर देखभालीची नोकरी धरणे शहाणपणाचे.

फी भरण्यापूर्वी पुढील बाबी पाहाव्यात :

१) क्रम : आधी लिनक्स, नेटवर्क आणि पायथन, मग गिट, क्लाउड, जेनकिन्स, डॉकर आणि शेवटी कुबरनेटिस. पहिल्याच आठवड्यात कुबरनेटिस शिकविणे म्हणजे काज-बटण येण्याआधी शेरवानीचे कापड कापायला देणे होय.

२) हाताचा सराव : कुबरनेटिसची 'सीकेए' ही परीक्षा दोन तासांची असून तीत पर्याय निवडायचे नसतात, चालत्या यंत्रणेवर काम करून दाखवावे लागते. वर्गातही बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करायला देतात का, हे विचारावे.

३) उस्ताद : शिकविणाऱ्याने हे काम स्वतः केले आहे का? जुने विद्यार्थी आपणच शोधून त्यांना भेटावे.

४) नोकरीची हमी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोकरीच्या खोट्या हमीलाही त्यांत मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

५) हप्ते : 'सुलभ हप्ते' म्हणजे पुष्कळदा वित्त कंपनीचे कर्जच असते. वर्ग सोडला तरी हप्ते थांबतीलच असे नाही. त्यात व्याज किंवा दंडव्याज आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. फी परतीची अटही तशीच लेखी घ्यावी.

आमचा सल्ला असा की, आधी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून दोन-तीन महिने सराव करू द्यावा. लिनक्स फाउंडेशनचा प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य शिकता येतो. एवढे करूनही गोडी टिकली, तरच फीसाठी गल्ल्याला हात लावावा. मेहनत खरी असेल तर हलाल रोजीचा हा मार्गही खुला होईल, इन्शाअल्लाह.