लिनक्स संगणकावर प्रिंटर का अडतो?

दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयापाशी शपथपत्रे टंकून देणाऱ्या एखाद्या टंकलेखकाने, समजा, नेहरू प्लेसच्या बाजारातून जुना एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर आणला आणि तो लिनक्स कार्यप्रणालीच्या संगणकास जोडला. समोर पक्षकार ताटकळत उभा आहे. शपथपत्र आजच दाखल व्हावयाचे आहे. पडद्यावर प्रिंटरचे नाव दिसते, कागद मात्र हलत नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा बसविण्याचा खटाटोप केला जातो, व तो बहुधा व्यर्थ जातो.

नाव दिसणे आणि छपाई होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. लिनक्सवर छपाईची कामे १९९९ पासून उपलब्ध असलेली कप्स ही आज्ञावली सांभाळते. मजकूर प्रथम तिच्या रांगेत जातो. ड्रायव्हर त्याचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करतो. मग तो तारेतून प्रिंटरकडे जातो. ह्यांपैकी अडले कोठे, हे आधी ठरवावे.

तारेची परीक्षा सोपी आहे. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा दिली असता जोडलेल्या उपकरणांची यादी येते. तीत प्रिंटर नसेल तर दोष तारेत, खाचेत वा विजेत आहे. ड्रायव्हरला हात लावू नये. रांगेची स्थिती एलपीस्टॅट ही आज्ञा सांगते. एकदा छपाई फसली की कप्स कधी कधी रांगच थांबविते, आणि ड्रायव्हर उत्तम असूनही कामे साचत राहतात. तेव्हा रांग पुन्हा सुरू केली की पुरे.

लेझरजेट १०२० ची अडचण मात्र निराळी आहे. ह्या प्रिंटरला चालविणारी अंतर्गत आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, त्याच्या पोटात कायमची साठविलेली नसते. तो सुरू झाला की संगणकाने ती त्याकडे धाडावयाची. वीज गेली की तो सारे विसरतो. यंत्र स्वस्त करण्याची ही युक्ती खरी, पण तिचा भार ग्राहकाच्या माथी येतो. एचपीचा लिनक्ससाठी असलेला एचपीएलआयपी हा संच बव्हंशी खुला आहे. हे फर्मवेअर मात्र निराळ्या, बंदिस्त पुरवणीत मिळते, आणि पुरवणीची आवृत्ती संचाच्या आवृत्तीशी जुळावी लागते. म्हणूनच काल नीट छापणारा प्रिंटर, कार्यप्रणाली अद्ययावत करताच, आज मुका होऊ शकतो. अशा वेळी एचपी-प्लगइन ही आज्ञा देऊन जुळणारी पुरवणी उतरवून घ्यावी. त्यास इंटरनेट लागते. फू२झेडजेएस हा स्वतंत्रपणे रचलेला ड्रायव्हरही हे काम करतो. दोन्ही एकाच संगणकावर ठेवू नयेत. ते एकमेकांच्या आड येतात.

पुष्कळ नव्या प्रिंटरांस निराळा ड्रायव्हर लागतच नाही. जुन्या मालाच्या गिऱ्हाइकास हे सुख नाही.

दुरुस्तीनंतर लगेच निघालेले पान हा पुरेसा पुरावा नव्हे. प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करावा, व मग चाचणीचे पान काढावे. ते निघाले तर फर्मवेअर आपोआप पोहोचत आहे असे समजावे. न निघाल्यास दर वेळी एचपी-फर्मवेअर ही आज्ञा हाताने द्यावी लागेल. पक्षकाराचे शपथपत्र तेवढ्याने तरी वेळेत निघते.